देगलूरकरांचे दोन दात

नरहरी देगलूरकरांच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर ‘ओळखीची खूण’ या रकान्यात निळ्या शाईने लिहिलेलं आहे, ‘वरचे पुढील दोन दात ओठाबाहेर’. लायसन्स नांदेडचं, सन एकोणीसशे चौऱ्याऐंशीचं. त्या दिवशी खिडकीतल्या कारकुनाने “ओळखीची खूण?” असं विचारलं, तेव्हा बावीस वर्षांचे नरहरी कोपरावरचा तीळ दाखवायला मोठ्या उत्साहाने शर्टाची बाही वर सारू लागले होते. कारकुनाने एकदाच मान वर करून पाहिलं, “राहू द्या, दिसतंय,” म्हणाला आणि लिहून मोकळा झाला. सरकारी कचेरीत इतक्या झटपट झालेलं नरहरींचं ते आयुष्यातलं एकमेव काम.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वरच्या ओठाला वस्तरा लावला नाही. मिशी आली, वाढली, झुपकेदार झाली आणि दातांवर पडद्यासारखी पडून राहिली. लग्न ठरलं तेही मिशीसकट. उषाने सतरा वर्षांच्या संसारात नवऱ्याचा राग पाहिला, लोभ पाहिला, त्याच्या भावाभावांची भांडणं पाहिली. वरचा ओठ तेवढा पाहिला नव्हता. वैगुण्य झाकायचा हा उपाय इतका यशस्वी झाला, की पुढे पुढे नरहरी स्वतःच ते दात विसरले. आणि मग मुलीचे, जुईलीचे, दुधाचे दात पडून दुसरे दात आले.

“दात बापाचे घेतले हो पोरीनं!” नांदेडचा जो जुना नातेवाईक येई तो म्हणायचा. म्हणणाऱ्याच्या मनात काही नसायचं. पण नरहरींना वाटायचं, आपण हिला न विचारता हिच्या तोंडात भलतंच काही ठेवून दिलंय. जुईलीची बुद्धी कुणाची यावर दोन्ही घराण्यांनी हक्क सांगितला होता, रंग आजोळचा हे सर्वानुमते ठरलं होतं. दातांवर हक्क सांगायला मात्र कुणी पुढे आलं नाही.

ही मंडळी तेव्हा, म्हणजे दोन हजार सात साली, पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातल्या मारुंजीत, बहिरूशेठच्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होती. नरहरी हिंजवडीच्या एका कंपनीत होते. तिथे बाकीचे सगळे कॉम्प्युटरवर काहीतरी थोर करत आणि नरहरी त्या सगळ्यांच्या बसचं वेळापत्रक करत. त्यांच्या मते तेही थोरच होतं, कारण बस चुकली की बाकीचा थोरपणा घरीच राहायचा. बहिरूशेठ हे गावचे मूळ जमीनदार. पाच वर्षांपूर्वीपर्यंत लोक त्यांना नुसतं ‘बहिरूबा’ म्हणत. रस्त्याकडेचं वावर विकलं गेलं आणि ते शेठ झाले. त्यांच्या पत्नी धोंडाबाई मात्र शेठाणी व्हायला तयार नव्हत्या. त्या इमारतीच्या मागे अजूनही दोन म्हशी बांधायच्या आणि भाडेकरूंची चौकशी म्हशींइतक्याच आपुलकीने करायच्या.

नववीची पुस्तकं आणली त्या आठवड्यात, जेवताना जुईली शाळेतल्या बाईंची नक्कल करत होती. नक्कल झकास होती. सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता तिचा डावा हात तोंडावर गेला. नरहरींचा घास हातातच राहिला. तो हात त्यांच्या ओळखीचा होता. मिशी येण्यापूर्वी त्यांचाही हात बरोबर तिथेच जायचा. फरक एवढाच, की मुलीला मिशीची सोय नव्हती.

इमारतीच्या तळमजल्यावर, सिमेंट-सळईच्या दुकानाला लागून असलेल्या गाळ्यात डॉक्टर स्वरदा यांनी नुकताच दवाखाना टाकला होता. दाराच्या काचेवर पाटी होती, ‘वेडेवाकडे दात तारेने सरळ करून मिळतील. लहान मुले, तरुण व प्रौढ’. नरहरींनी ती पाटी रोज जाता येता वाचली होती, पण ‘सरळ करून मिळतील’च्या पुढे कधी गेले नव्हते. चालत्या माणसाने पाटी पूर्ण वाचू नये असाच त्यांचा वाचनाचा शिरस्ता होता.

तार लावायचा विषय घरात निघाला आणि तासाभरात तो इमारतीचा झाला. समोरच्या नलिनीताई म्हणाल्या, रोज झोपताना अंगठ्याने शंभर वेळा आत दाबले की जातात, त्यांच्या जावेचे गेले होते. जाऊ सध्या कुठे असते, असं विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. टेम्पोवाल्या भिकूचं म्हणणं पडलं, की बाभळीच्या काडीसारखं औषध नाही. धोंडाबाई म्हणाल्या, “काय बी करू नगा. पोरीचं दात पुढं, तर नशीब बी पुढं. माजंच बगा.” त्यांच्या तोंडात पुढचे दात नव्हतेच, त्यामुळे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

या सगळ्यावर जुईलीचं उत्तर एकच होतं. “मी नाही लावणार. शाळेत आधीच चिडवतात. तार लावली तर कुंपण म्हणतील.”

“अगं, वर्ष-दीड वर्षाचा प्रश्न,” उषा म्हणाली.

“मग बाबांनी का नाही लावली? त्यांचेही असेच आहेत.”

नरहरींच्या दातांचा जाहीर उल्लेख चौऱ्याऐंशी सालानंतर प्रथमच झाला होता, आणि तोही नलिनीताई आणि पाण्याच्या मोटारीचं सांगायला आलेले बहिरूशेठ यांच्यासमक्ष. अब्रूदार माणसाचं अशा वेळी डोकं चालत नाही, तोंड चालतं. नरहरी म्हणाले, “लावतो की! आधी मी लावतो, मग तू लाव. झालं?”

यात धाडस काही नव्हतं. पंचेचाळिशीत हाडं पक्की होतात, दात जागचे हलत नाहीत, हे नरहरींना ठाऊक होतं, नलिनीताईंना ठाऊक होतं, सगळ्या मारुंजीला ठाऊक होतं. डॉक्टर ‘या वयात नाही जमत हो’ म्हणणार, आपण हळहळायचं आणि लेकीला म्हणायचं, ‘बघ, मी तयार होतो!’ असा तो बिनखर्चाचा त्याग होता.

डॉक्टर स्वरदांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी नरहरींचा दात न् दात वाजवून पाहिला, एक्स-रे काढला, उजेडासमोर धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. “काका, सुंदर! हिरड्या घट्ट आहेत, हाड चांगलं आहे. आरामात होईल.”

“पण माझं वय...”

“वयाचं काय? मुलांचे थोडे लवकर सरकतात, मोठ्यांचे थोडे सावकाश. सरकतात सगळ्यांचेच. बाहेर पाटीवर लिहिलंय की.”

बरोबर आलेल्या जुईलीने काचेतून उलटी पाटी वाचली. “व प्रौढ,” ती म्हणाली, आणि नरहरींना पाटी पूर्ण न वाचण्याच्या सवयीचा पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

त्याच संध्याकाळी तिने वहीच्या पानावर करार लिहिला. कलम एक: दोघांनी एकाच दिवशी तार लावायची आणि एकाच दिवशी काढायची. कलम दोन: बाबांनी मध्येच काढली तर मीही त्याच दिवशी काढणार. खाली दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून उषाची. कागद फ्रिजच्या दारावर चिकटला. आयुष्यभर बसच्या फेऱ्यांवर सह्या केलेल्या माणसाला इतकी जड सही कधी करावी लागली नव्हती.

तार लागली. पहिले चार दिवस दात दुखत होते, की डोकं, की देगलूरपर्यंतचे सगळे पूर्वज, हे नरहरींना सांगता येईना. मराठवाड्याचा माणूस, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा यावर पोसलेला. तो आता वरणात बुडवलेल्या पोळीकडे केविलवाणा बघू लागला. बसमध्ये तरुण मुलं त्यांच्याकडे पाहून आधी दचकायची, मग आदराने सरकून जागा द्यायची. एका मुलाने विचारलंसुद्धा, “अंकल, क्रिकेट खेलते हुए लगा क्या?” नरहरींनी त्या मुलाच्या बसची वेळ पाच मिनिटं अलीकडे आणायचा विचार केला, पण तो मोठ्या मनाने सोडून दिला.

धोंडाबाई पहिल्या दिवशी बघायला आल्या. दोघांची तोंडं उघडायला लावून त्यांनी आत नीट पाहिलं. “आगं बया! बैलाला मुसकं बांधत्यात ते ठाव हुतं. मानसाला आतनं बांधत्यात व्हय?” असं म्हणून त्या निघून गेल्या. तासाभराने इंद्रायणीच्या तांदळाचा गुरगुट्या भात आणि वर म्हशीचं लोणकढं तूप घेऊन परत आल्या. पुढचे चार दिवस रोज आल्या. त्या भाताला नरहरी मनात ज्या तऱ्हेने नमस्कार करत, तसा त्यांनी कुलदैवतालाही केला नव्हता.

आणि डॉक्टर स्वरदा! वय अठ्ठावीस, हात असा हलका, की तार आवळताना कळायचं नाही. घरी जिना चढताना कळायचं. संक्रांतीला धोंडाबाईंच्या हातचा कडक तिळाचा लाडू “घ्याच” म्हणून पुढे आला, आणि मुळशीत ‘घ्याच’ला नाही म्हणायची रीत नाही. लाडू फुटला नाही, दातावर तार धरून ठेवणारी चकती निसटली आणि तिळगुळाबरोबर पोटात गेली. डॉक्टर एका शब्दाने रागावल्या नाहीत. दुसरी चकती चिकटवताना त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “काका, मिशी जरा बारीक करा. तारेत केस अडकायला लागलेत.”

नरहरींनी मान हलवली. ती होकाराची होती असा डॉक्टरांचा समज झाला. दात सरकवायला ते तयार होते. मिशी हा मात्र त्यांच्या अब्रूचा शेवटचा बुरूज होता.

फेब्रुवारीत बहिरूशेठच्या मुलाचं, कैलासचं, लग्न ठरलं. शेठ दवाखान्यात गेले आणि खुर्चीत जाऊन बसले. “डॉक्टरीनबाई, मला बी तार घाला. सोन्याची. गळ्यात हाय, बोटात हाय, मनगटात हाय. दातातच न्हाई.”

डॉक्टरांनी तपासलं. “शेठ, तुमचे दात अगदी सरळ आहेत. गरज नाही.”

“सरळ हायेत म्हनूनच घाला की. वाकड्याला सोनं काय शोभनार?”

या प्रश्नाला दंतशास्त्रात उत्तर नव्हतं. शेठ नाराज होऊन उठले आणि ती नाराजी घेऊन सरळ दुसऱ्या मजल्यावर आले. “देगलूरकरसायेब, तार न्हाई तर न्हाई. मंगलाष्टका तुमीच म्हनायच्या. गुरुजींचा गळा लगीनसराईत बसलेला असतोय. तुमचा लई गोड हाय. आन् आमच्या घरच्यांची समद्यांची नावं त्यात आली पायजेत.”

नरहरींचा गळा खरोखरच गोड होता. कुणी मागणी केली की त्यांना नाही म्हणता येत नसे, हेही खरं होतं. ते रोज संध्याकाळी मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित घेऊन बसू लागले. ‘बहिरू’ वृत्तात अलगद बसला. कैलासही बसला. धोंडाबाई मात्र काही केल्या बसेनात. त्यांच्या नावातली चार गुरू अक्षरं ओळीने शार्दूलविक्रीडितात कुठेच मावत नाहीत. नरहरींनी त्यांना ओळीच्या सुरुवातीला घालून पाहिलं, मध्ये घालून पाहिलं, शेवटी हात टेकले आणि ‘वरमाय’ असं लिहून भागवलं. महिनाभर घरात हीच घोकंपट्टी. जुईली अभ्यास करता करता ऐकायची. तिला सगळी पाठ झाली, पण ती फक्त मनात म्हणायची. घराबाहेर ती आता हसतही नसे आणि फारसं बोलतही नसे. तोंड मिटून ठेवलं की तार दिसत नाही, हा शोध तिने लावला होता.

लग्न आठवड्यावर आलं आणि नरहरींचा धीर सुटला. अडीच-तीन हजार माणूस, व्हिडिओचे दिवे, आणि त्यात आपण तोंड वासून उभे. वर-खालच्या दातांना जोडणारी रबरं, ‘स’ म्हणताना सुटणारी शिट्टी, शुभ्र फेटा आणि खाली लोखंडी कुंपण. ते कुणाला न सांगता तळमजल्यावर गेले. “डॉक्टर, माझी काढून टाका. वर्ष होत आलंच आहे. थोडे आत गेलेत, तेवढं पुरे.”

डॉक्टर स्वरदांनी चिमटा उचलला. “काढते, काका. तुमचा निर्णय.” मग तो हातात तसाच धरून म्हणाल्या, “जुईली दर वेळी खुर्चीत बसली की पहिला प्रश्न विचारते, ‘बाबा रबरं लावतात का हो, की मला नुसतं सांगतात?’ मी म्हणते, लावतात. मग तीही लावते. तिचे अजून नऊ-दहा महिने आहेत. आत्ता सोडलं तर होते तिथे परत जातील.”

नरहरी खुर्चीतून उठले. “रबरं संपत आलीत,” ते म्हणाले. “एक पाकीट द्या.”

लग्न वाकडच्या बाजूला एका लॉनवर होतं. गोरज मुहूर्त सहा बेचाळीसचा. सहा बेचाळीसला आजी सरपंचांचं स्वागत सुरू झालं, मग माजी सरपंचांचं, मग पुढल्या वेळी उभं राहू इच्छिणाऱ्या तिघांचं. सव्वासात वाजता अंतरपाट धरला गेला. बसलेल्या गळ्याचे गुरुजी मुंडावळ्या सारख्या करत होते. फेट्यातले नरहरी माईकपुढे, आणि त्यांच्या पाठीमागे, कुणाला दिसणार नाही अशी, कागद धरून जुईली.

पहिल्या तीन मंगलाष्टका अशा रंगल्या, की आचारीसुद्धा झारा घेऊन बाहेर आले. शिट्टी वाजत होती, पण सनईत खपून जात होती. नरहरींना अवसान चढलं. चौथीच्या शेवटी ‘कुर्यात् सदा’वर त्यांनी तान घेतली. तार लागल्यापासून उघडलं नव्हतं एवढं तोंड उघडलं. मिशीचा उजवा अर्धा भाग वरच्या तारेत गेला, रबराच्या हुकात गुंतला आणि ओठ वरच्या वर टांगून राहिला.

आता ‘मंगलम्’ म्हणायचं होतं. वाचकांनी दोन बोटांनी वरचा ओठ उचलून धरून ‘म’ म्हणून पाहावं. येत नाही. जगातली सगळी अक्षरं तोंडात असताना नरहरींना नेमका ‘म’ मिळेना. अडीच हजार माणसं अक्षता मुठीत घेऊन हात उगारून उभी. ‘सावधान’ झाल्याशिवाय अक्षता टाकता येत नाहीत आणि ‘मंगलम्’ झाल्याशिवाय ‘सावधान’ होत नाही. अंतरपाटामागून कैलास डोकावला. गुरुजी पुढे झाले, त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या घशातून नुसती हवा आली. बहिरूशेठ म्हणाले, “सायेब, म्हना की! काय इसरलं का?” नरहरींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. निम्मं ओठाच्या दुखण्याचं होतं, निम्मं नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या हातातला माईक कुणीतरी काढून घेतला.

“मंगलम्,” जुईली म्हणाली. “शुभ मंगल सावधान!”

अक्षतांचा पाऊस पडला. पाचवी मंगलाष्टका अजून राहिली होती, घरच्यांच्या नावांची. ती माईकसमोर आली. दिव्यांचा लोट तिच्या चेहऱ्यावर पडला, तार लखलखली. तिच्या एका हातात माईक होता, दुसऱ्या हातात कागद. तोंडावर ठेवायला हात उरला नव्हता. क्षणभर ती थबकली, हे फक्त तिच्या बापाला दिसलं. मग तिने मान वर केली आणि म्हणायला लागली. काय आवाज होता! बापाचा गोडवा आणि वर तिचा स्वतःचा खणखणीतपणा. बहिरू आला, कैलास आला आणि ‘वरमाय’च्या जागी पोरीने कागद बाजूला सारून सरळ ‘धोंडाबाई’ म्हटलं. चारही अक्षरं लांबवून, वृत्ताचा पार चक्काचूर करून, पण त्यांना अष्टकात बसवलं. महिनाभर नरहरींना जे जमलं नव्हतं ते तिने उभ्या उभ्या केलं. धोंडाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आपलं नाव माईकवरून त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

डॉक्टर स्वरदा गर्दीतून वाट काढत आल्या. फेटेवाल्याची कात्री मागून घेतली आणि नरहरींचा ओठ सोडवला. उजवीकडची मिशी गेली. लग्नाचं जेवण नरहरींनी रुमाल धरून उरकलं. पण आत कुठेतरी त्यांना इतकं भरून आलं होतं, की जिलब्या किती खाल्ल्या याची शुद्ध नव्हती. दर दोन मिनिटांनी कुणीतरी जुईलीला बोलावून नेत होतं, ती बोलत होती, आणि ते लांबून तिचे दोन्ही हात कुठे आहेत ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डावीकडचीही मिशी काढली. उषा चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ पाहून म्हणाली, “असे दिसता होय तुम्ही? मग इतकी वर्षं दडवून कशाला ठेवलं होतं?” नरहरींना पंचेचाळिशीनंतर लाजायचा प्रसंग आला.

लग्नाची सीडी बहिरूशेठच्या घरी महिनाभर चालली. धोंडाबाई आपल्या नावाशी ती थांबवून परत मागे न्यायला लावायच्या. त्यांची दहा वर्षांची नात सृष्टी एक दिवस चॉकलेटचा चांदीचा कागद दातांवर चिकटवून वर आली आणि जुईलीसमोर ‘ई’ करून उभी राहिली. “दीदी, मला बी आली बघ!” जुईली हसत सुटली. डॉक्टरांकडे सृष्टीचा हट्ट गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, तुझा नंबर दोन वर्षांनी. त्या दिवसापासून ती बोटांवर महिने मोजू लागली.

दहावीच्या परीक्षेआधी, दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत, बापलेकीच्या तारा एकाच दिवशी निघाल्या. कलम एकप्रमाणे.

जूनमध्ये जुईलीच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशासाठी अधिवासाचा दाखला हवा झाला. दोघं पौडला तहसील कचेरीत गेली. मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. खिडकीतल्या कारकुनाने नरहरींचं लायसन्स पाहिलं, पॅनकार्ड पाहिलं, मग नरहरींना पाहिलं, आणि सगळं टेबलावर शेजारी शेजारी मांडलं.

“लायसनमधी दात हायेत, मिशी न्हाई. ह्या कारडात मिशी हाय, दात न्हाईत. आन् तुमी हितं उबं हाय, त्याला दात बी न्हाई आन् मिशी बी न्हाई. ह्या तिघांतला पोरीचा बाप कोन?”

नरहरींनी समजावून सांगितलं. तार, करार, मिशी. मागची रांग पुढे सरकून ऐकू लागली. कारकून विचारात पडला. “तसं आसंल तर डॉक्टरचा दाखला लागंल. दात आत गेल्याचा.”

“अहो, दात आत गेल्याचा दाखला कोण देतं?”

“मग भाईर आल्याचा तरी आना.”

नरहरींची अब्रू पुन्हा एकदा ऐन खिडकीत उभी होती. त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली. ते काही कडक बोलणार, तेवढ्यात शेजारून जुईलीला हसू फुटलं. मान मागे टाकून, डोळे मिटून, सगळे दात दाखवत ती हसत होती. दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर. नरहरींनी तिच्याकडे पाहिलं, त्यांचा राग कुठल्या कुठे गेला, आणि पंचवीस वर्षांत कचेरीत कुणी हसलं नसेल तसे तेही हसू लागले. मान मागे टाकून, डोळे मिटून.

कारकून एकदा इकडे बघत होता, एकदा तिकडे. त्याने शिक्का उचलला.

“हसू बापाचं घेतलंय पोरीनं,” तो म्हणाला. “ओळखीची खून काय लिवू?”

नरहरी डोळे पुसत शर्टाची बाही वर सारू लागले. कोपरावर तीळ होता.

“ऱ्हाऊ द्या,” कारकून म्हणाला, “दिसतंय.” आणि त्याने रकान्यात लिहिलं, ‘ओळख पटली’.